‘छ्यानलुंग २५’ : शक म्हणावं की संवत्सर?

प्रश्न : चिनी इतिहासावरचा एक लेख मराठीत आणतोय. ‘खांगशी ६१’, ‘छ्यानलुंग २५’ अशी वर्षं सारखी येतात. ‘छ्यानलुंग शक २५’ चालेल का?

उत्तर : ‘शक’ नको. शालिवाहन शक इसवी ७८ पासून अखंड चालू आहे, गादीवर कोणी का असेना. चिनी ‘नियानहाव’, म्हणजे खांगशी, छ्यानलुंग यांसारखं वर्षमोजणीचं नाव, सम्राट जाहीर करायचा आणि मोजणी पुन्हा एकपासून. ही रीत हान घराण्यातल्या वू सम्राटाच्या काळातली. शुभशकुन झाला, संकट आलं, की मध्येच नाव बदलायचं. सम्राज्ञी वू त्सेथ्यानने तर डझनावारी बदलली. १३६८ला मिंग घराणं आलं आणि एक सम्राट, एक नाव असा शिरस्ता पडला. त्यामुळे आपण त्या नावालाच सम्राट समजून बसतो. खांगशीचं पाळण्यातलं नाव श्वेनये!

प्रश्न : मग संवत्सर?

उत्तर : तेही नाही. संवत्सराचा चिनी जोडीदार वेगळाच आहे. दहा आणि बारा चिन्हांच्या जोड्या लावून साठ वर्षांचं चक्र होतं, आपल्या प्रभव ते क्षयसारखं. पानिपतचाच दिवस घ्या, १४ जानेवारी १७६१. आपल्याकडे शके १६८२, विक्रम नाम संवत्सर, पौष शुद्ध अष्टमी. चीनमध्ये छ्यानलुंग २५, ‘कंगछन’ वर्ष, बारावा महिना. विक्रमसमोर कंगछन बसतं, छ्यानलुंगसमोर आपल्याकडे काहीच नाही.

आणि हो, २५ मध्ये १७३५ मिळवून सरसकट १७६० लिहू नका. चिनी नवं वर्ष जानेवारीच्या विशीआधी येत नाही, त्यामुळे वर्षअखेरच्या तारखा इसवीच्या पुढच्या सालात जातात.

आणखी एक मत : शिवछत्रपतींचा राज्याभिषेक शक आहे की! तसं ‘राजशक’ म्हणा.

उत्तर : सुरुवात राजाने केली एवढंच साम्य. १६७४चा तो शक पुढच्या छत्रपतींच्या काळातही तसाच पुढे मोजला गेला, दर राज्याभिषेकाला नव्याने सुरू झाला नाही. माझं मत ‘राजवर्षनाम’ला. पहिल्यांदा ‘छ्यानलुंग या राजवर्षनामाचं २५वं वर्ष (इ.स. १७६०-६१)’ लिहा, पुढे नुसतं ‘छ्यानलुंग २५’.

कुठे ‘छ्यानलुंग ६२’ दिसलं तर मात्र छपाईची चूक समजून खोडू नका. आजोबा खांगशीची ६१ वर्षं ओलांडायची नाहीत म्हणून छ्यानलुंग सम्राटाने साठ वर्षांनी गादी सोडली, बाहेर पुढच्या सम्राटाचं ‘ज्याछिंग १’ सुरू झालं. राजवाड्यात मात्र तो असेतो जुनीच मोजणी चालू होती.