मे महिन्यात रिकामं घर पटकन भाड्याने कसं गेलं? गोव्यातल्या मंडळींनो, अनुभव लिहा

पर्वरीची ताई
माझा पर्वरीतला टू बीएचके ३० एप्रिलला रिकामा झाला. भाडेकरू बँकेतले होते, बदली झाली, महिनाभर आधी सांगितलं होतं बिचाऱ्यांनी. पण तो महिना मी 'आधी जाऊ देत, मग रंग देऊ, मग बघू' यातच घालवला आणि आज १२ मे, फ्लॅटला कुलूप आणि सोसायटीचा मेंटेनन्स माझ्या खिशातून. एजंट म्हणतो, मॅडम काय व्हायचं ते मे मध्येच, एकदा पाऊस लागला की कोण भिजत सामान हलवणार. खरं आहे त्याचं, शाळा कॉलेजं, बदल्या, नवीन नोकऱ्या सगळं याच दिवसांत असतं. तर ज्यांनी उन्हाळ्यात घर झटपट भरलंय त्यांनी नेमकं काय केलं ते सांगा. कुठेतरी वाचलेलं नको, स्वतःवर बेतलेलं हवं.

ताळगावकर
ताई, रागावू नका पण तुमचा महिना तिथेच गेला. आमच्याकडे अ‍ॅग्रीमेंटमध्येच लिहिलेलं असतं की एक महिन्याची नोटीस आणि त्या महिन्यात सांगून सवरून घर दाखवायला द्यायचं. गेल्या वर्षी आमची भाडेकरू मुलगी जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात होती. तिने नोटीस दिली त्याच संध्याकाळी मी तिला म्हटलं, तुझ्या ओळखीत कोणी असेल तर बघ, तू जाशील त्याच दिवशी डिपॉझिट हातात देतो, चाव्या दे आणि पैसे घे. एवढंच. तिने हॉस्पिटलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं आणि चौथ्या दिवशी दोन रेसिडेंट डॉक्टर बघायला हजर. ही आतमध्ये सामान बांधतेय आणि ते बाहेर गॅलरी मोजतायत. घर एकच दिवस रिकामं राहिलं, तेवढ्यात सफाईवाली येऊन गेली. डिपॉझिटसाठी झुलवणाऱ्या मालकाला भाडेकरू कधीच दुसरा भाडेकरू आणून देत नाही हे मात्र लक्षात ठेवा.

फोंड्याची वहिनी
आमचं फ्लॅट वगैरे नाही हो, घराच्या माडीवर दोन खोल्या आणि बाथरूम. फर्मागुडीला इंजिनिअरिंग कॉलेज असल्यामुळे मुलं मिळतात. आम्ही ऑनलाईन काहीच टाकत नाही, वहीच्या कागदावर 'खोली भाड्याने देणे आहे' आणि नंबर, तो कागद किराणावाल्याकडे, झेरॉक्सवाल्याकडे आणि खानावळीत. झेरॉक्सवाल्याकडून सगळ्यात जास्त फोन येतात कारण अ‍ॅडमिशनची कागदपत्रं काढायला आई-बाप तिथेच उभे असतात.

पण दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. सिंधुदुर्गातून एक बाई मुलाला घेऊन आल्या. खोली बघितलीच नाही, आधी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला, बादली खाली ठेवली आणि घड्याळ बघत उभ्या राहिल्या! दुपारचे अडीच, मे महिना, टाकीत तळाला पाणी, बादली काही भरेना. मग कपाट उघडलं आणि नाक मुरडलं. गेल्या पावसातल्या बुरशीचा वास तसाच कोंडून होता, मी वर डांबरगोळ्या टाकल्या होत्या त्यामुळे तो आणखीच विचित्र झालेला. 'बघून सांगते' म्हणून गेल्या त्या गेल्याच. त्यानंतर मी नियमच केला, एप्रिलच्या शेवटी कपाटं सगळी अंगणात उन्हात, आतून पुसून मग कापूर. आणि घर दाखवायचं ते सकाळी, टाकी भरलेली असताना. यात फसवणूक काही नाही, मुलं पाणी सकाळीच वापरतात, आणि दुपारी कमी येतं हे मी तोंडाने सांगते. या वर्षी दोन्ही खोल्या ५ मेलाच गेल्या.

पर्वरीची ताई
वहिनी, मी आत्ताच जाऊन माझी कपाटं उघडते 😅

मडगावचा भाऊ
घाईत असणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. मी एका साइटवर जाहिरात टाकली, अर्ध्या तासात फोन. मी सैन्यात आहे, गोव्यात पोस्टिंग झालंय, घर न बघताच फायनल करतो, डिपॉझिट आत्ता पाठवतो. मला वाटलं लॉटरीच लागली. मग म्हणाला आमच्याकडे पेमेंटची पद्धत वेगळी असते, मी क्यूआर पाठवतो तो स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील. मी स्कॅन केलासुद्धा, पिन टाकायच्या आधी बायको ओरडली, अहो पैसे घ्यायला कधी पिन लागतो का! वाचलो. यूपीआयवर पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, पिन म्हणजे आपल्या खात्यातून गेलेच. घर न बघता कोणी हो म्हटलं की समजून जा.

धारगळकर
आमच्या घरची अडचण वेगळीच होती, भाडेकरू मिळत होते पण सासरे देऊ देत नव्हते. मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून इकडे रोज कोणीतरी विचारत यायचं, आणि आमचं मागच्या बाजूचं घर सात वर्षं बंद. सासऱ्यांचं एकच, 'आज भाडेकरू, उद्या मुंडकार'. मुंडकार म्हणजे मालकाच्या जागेत त्याच्या संमतीने घर करून राहणारा, ज्याला कायद्यामुळे सहज बाहेर काढता येत नाही. त्यांच्या पिढीने १९७५ चा मुंडकार कायदा डोळ्यांनी बघितलाय त्यामुळे भीती खोटी म्हणता येत नाही. शेवटी त्यांना वकिलांकडे घेऊन गेलो. वकिलांनी समजावलं की भाडं देऊन राहणारा मुंडकार होत नाही, फक्त लिखापढी नीट करा, ११ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स करा, भाडं बँकेतूनच घ्या. आणि भाडेकरूचा पडताळणी फॉर्म पोलीस स्टेशनवर द्या, तो चुकवू नका. सासरे तिथे गप्प, घरी येऊन चहा पिताना म्हणाले, बरं, पण नारळ आपले. मग ते पण अ‍ॅग्रीमेंटमध्ये घातलं, परसातले माड मालकाचे! आता विमानतळावरचे दोन मुलगे राहतात आणि माडाला पाणी तेच घालतात.

कांदोळीवाला
दिवसावर देणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. मे मध्ये मुलांना सुट्टी म्हणून महाराष्ट्र कर्नाटकातली कुटुंबं येतात, शनिवार-रविवार फुल्ल. ते बघून मी एक वर्ष ११ महिन्यांवाला चांगला भाडेकरू परत पाठवला, म्हटलं दिवसावर दुप्पट मिळतंय. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरला आणि जुलैमध्ये महिनाभरात तीन रात्री बुकिंग. वर चादरी वाळत नाहीत, लाइट गेली की पाहुण्यांचे फोन. आणि दिवसावर द्यायचं तर पर्यटन खात्याकडे १९८२ च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते, परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाईन कळवायची. जमत असेल त्याने जरूर करावं, मला नोकरी सांभाळून नाही झेपलं.

वास्को ते पुणे
फ्लॅट वास्कोत, मी पुण्यात. चावी शेजारच्या मावशींकडे. आधी त्याच दाखवायच्या, पण त्या इतक्या प्रामाणिक की लिफ्ट कधी बंद पडली, वरच्या मजल्यावर कोण भांडतं, सगळं सांगून मोकळ्या 😂 मग मी एकदा सुट्टी काढून आलो, दारापासून गॅलरीपर्यंत न थांबता मोबाईलवर व्हिडिओ काढला, नळ, गिझर, वीज मीटरसकट. आता फोन आला की आधी व्हिडिओ, आवडला तरच मावशींना त्रास. पूर्वी दहा जण बघून जायचे, यंदा दोघं आले आणि दुसऱ्याने घेतला.

साखळीचे काका
थोडक्यात सांगतो. २५,००० चा फ्लॅट २७,००० ला जाईल म्हणून मी दोन महिने अडून बसलो. म्हणजे ५०,००० गेले. ते वरच्या २,००० मधून वसूल व्हायला २५ महिने लागतात, अ‍ॅग्रीमेंट असतं ११ चं. शेवटी दिला तो २४,५०० ला.

पर्वरीची ताई
काका, तुमचा हिशोब वाचून गप्पच बसले. मीसुद्धा दोन हजार वाढवूनच टाकले होते.

अपडेट देते. भाडं जुनंच ठेवलं. कपाटं खरंच वास मारत होती, दोन दिवस गॅलरीत उन्हात ठेवली. आधीचे फोटो मी रात्री ट्यूबलाइटमध्ये काढले होते, एकात तर दोरीवर टॉवेल आणि कोपऱ्यात झाडू, ते काढून सकाळी आठला पडदे उघडून नवीन काढले. जुन्या भाडेकरूंनाही फोन केला, त्यांनी बँकेच्या ग्रुपवर टाकलं. परवापासून सहा फोन, त्यातल्या चौघांचा पहिला प्रश्न 'टँकर मागवावा लागतो का'. उद्या सकाळी एक जोडपं बघायला येतंय, दोघंही नोकरीवाली, १ जूनपासून हवंय. फक्त त्यांच्याकडे दोन मांजरं आहेत. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी विचारू की घर दाखवून मग? कोणाला अनुभव?

फोंड्याची वहिनी
आधी विचार गं. आणि सोफा कापडी असेल तर तो हलव.