मदत हवी आहे : उंच बॉनेटच्या जीपच्या अरुंद रिमवर कोणते टायर घ्यावेत?

भोरचा_सीजे

गाडी महिंद्राची सीजे३बी, उंच बॉनेटवाली. एफ४-१३४ पेट्रोल इंजिन, तीन गिअरचा टी-९० बॉक्स, मागेपुढे ५.३८ गुणोत्तराचे डिफरन्शियल, ९ इंची ड्रम ब्रेक. पॉवर स्टिअरिंग नाही. रिम मूळच्या, १६ इंची, पाच नटांच्या. स्टेपनीची रिम तेवढी वेगळी आहे : दोन तुकडे बोल्टने जोडलेली, लष्करी पद्धतीची.

सध्या ६.००-१६ चे टायर आहेत. नक्षी बरीच शिल्लक आहे, पण बाजूला भेगा पडल्यात आणि रबर दगडासारखं कडक झालंय. पाचही बदलायचे आहेत. वापर म्हणजे वरंधा घाट आणि आसपासचे मुरमाचे रस्ते, पावसाळ्यात चिखल, अधूनमधून हायवेला ६०-६५ च्या वेगाने.

समोर असलेले पर्याय :
१) पुन्हा ६.००-१६
२) ७.००-१६, म्हणजे थोडी उंची मिळेल
३) जुन्या थारचे २३५/७० आर१६ रेडियल
४) दुकानदार ६.००-१६ चे, मधे उभ्या पट्ट्या असलेले टायर देतो म्हणतोय. 'जीपला हेच चालतात' असं त्याचं म्हणणं.

रिम बाहेरून बाहेर साडेपाच इंच भरते. यातलं काय बसेल आणि काय बसवावं?

रबर_आणि_रिम

आधी रिम नीट मोजा. रिमची रुंदी बाहेरच्या कडांमध्ये मोजत नाहीत. टायरची बीड (रिममध्ये बसणारी तारेची कड) जिथे टेकते तिथे, दोन्ही कडांच्या आतल्या भिंतींमधलं अंतर घ्यायचं. कडेचा वळलेला पत्रा दोन्ही बाजूंनी मिळून इंचाच्या आसपास जागा खातो, त्यामुळे बाहेरून साडेपाच भरलेली रिम आतून बहुधा साडेचार निघते. टायर चढलेला असताना हे माप कळत नाही. एक टायर उतरवा आणि व्हर्नियर लावा. ११४ मिमीच्या आसपास आलं तर ती ४.५० ई (साडेचार इंच रुंद, 'ई' हा कडेच्या आकाराचा प्रकार), जीपची नेहमीची रिम. गंज खरवडून पाहा, कधीकधी '१६ × ४.५० ई' असा ठसा सापडतो.

क्रमांक ४ ला आत्ताच नाही म्हणा. उभ्या पट्ट्यांचा ६.००-१६ हा ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा टायर. बाजूला एफ-२ लिहिलेलं असतं आणि वेगाचं अक्षर ए६ किंवा ए८. ए६ म्हणजे ताशी ३० किमी, ए८ म्हणजे ४०. आकडा तोच, रिमवर बसतोही बिनबोभाट, म्हणून गल्लत होते. पण त्या पट्ट्या नांगरटीत ट्रॅक्टर सरळ राहावा आणि नीट वळावा यासाठी असतात. ओल्या डांबरावर ब्रेक मारला की धरायला आडव्या कडाच नाहीत. ६० ने चालवलं तर रबर तापतं, थर सुटतात. जीपसाठी घेताना बाजूला वेगाचं अक्षर जे (१००) किंवा त्यापुढचं हवं.

गिअरदात

उंचीचा हिशोब. आकडे ठोकळ आहेत, कंपनी आणि नक्षीनुसार सेंटिमीटरभर इकडेतिकडे :

६.००-१६ : साधारण ७३० मिमी
६.५०-१६ : ७५०
७.००-१६ : ७७५ ते ७८०
७.५०-१६ : ८०० च्या पुढे
२३५/७० आर१६ : ७३५

शेवटची ओळ पुन्हा वाचा. थारचा टायर रुंद दिसतो म्हणून मोठा वाटतो, उंची ६.००-१६ एवढीच. म्हणजे गाडी उचलली जाणार नाही, फक्त रबर रुंद होणार, तेही त्याला न मानवणाऱ्या रिमवर.

७.००-१६ घेतला तर व्यास साधारण ७ टक्के वाढतो. त्याचे परिणाम :
जमिनीपासून उंची निम्मीच मिळते, २५ मिमीच्या आत. बाकी निम्मा भाग वरच्या बाजूला जातो.
गिअरिंग ढिलं पडतं. ५.३८ चं डिफरन्शियल ५.०५ च्या आसपास असल्यासारखं वागेल. ६० च्या वेगाला इंजिन आत्ता २,४०० ते २,४५० वर फिरत असेल, ते २,३०० च्या खाली येईल. हायवेला बरं. घाटात दुसऱ्या गिअरवर निघणारा चढ पहिल्यावर जाईल, आणि टी-९० च्या पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी रचना) नाही, म्हणजे चालत्या गाडीत तो टाकायला हात सरावलेला हवा.
मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६४ ने जात असेल.
ब्रेकची पकड तेवढीच कमी होईल. ९ इंची ड्रमकडे मुळात फार शिल्लक नसते, आणि वरंधा उतरताना ७ टक्के ही चेष्टा नाही.

लाल_मुरूम

तरीही माझं मत ७.००-१६ ला. नियमावर बोट ठेवलं तर त्या टायरची मोजमापाची रिम (जिच्यावर टायरची मापं ठरवतात ती) साडेपाच इंची आहे, हे खरं. पण अमेरिकी लष्कराच्या एम३८ जीपला कारखान्यातूनच ७.००-१६ आणि ४.५० ई रिम ही जोडी असायची. म्हणजे जोडी जुगाडू नाही. अरुंद रिमवर टायर जरा चिंबतो : दर अर्ध्या इंचाला रुंदी साधारण ५ मिमी कमी. साडेपाचऐवजी साडेचारवर १० मिमी कमी भरेल. जीपला हे सोयीचंच, कारण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर पुढच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) जवळ येतो.

मात्र प्लाय (टायरची ताकद सांगणारा थरांचा आकडा, बाजूला 'पीआर' असा लिहिलेला) बघा. बाजारात सहज मिळणारे ७.००-१६ हे छोट्या ट्रकचे, जास्त प्लायचे असतात. टनभराच्या गाडीखाली ते लाकडी चाकासारखे उडतात. ६पीआर शोधा, ८पीआर म्हणजे हद्द झाली. ७.५०-१६ चा विचार साडेचारच्या रिमवर करूच नका, त्याला ६ इंची रिम लागते.

पाटेकमान

७.००-१६ ची बाजू मांडताना तपासण्या पण सांगा राव. नवे पाच घेण्याआधी कुणाकडून एकच ७.००-१६ चढलेलं चाक तासाभरासाठी मागून आणा आणि पुढे डावीकडे-उजवीकडे लावून बघा.

स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. टायर आणि पाटा यांच्यात बोटभर, म्हणजे २० मिमी तरी जागा राहायला हवी. नसेल तर नकलवरचा (पुढचं चाक जिथून वळतं त्या सांध्यावरचा) स्टॉप बोल्ट थोडा बाहेरच्या दिशेने फिरवून लॉकनट आवळा. गाडी वळायला जास्त जागा घेईल, घाटातल्या वळणांवर ते जाणवतं. पुढच्या ब्रेकचा रबरी पाइप त्याच वेळी बघा.

मग एका पुढच्या चाकाखाली लाकडी ठोकळा देऊन पाटा पूर्ण दाबला जाऊ द्या आणि स्टिअरिंग पुन्हा फिरवा. सपाट जमिनीवर न घासणारा टायर इथे मडगार्डला लागतो. पाटे बसलेले असतील तर हमखास.

स्टेपनी बाजूला टांगत असाल तर ती जागा मोजा. मोठा टायर मागच्या मडगार्डवर टेकतो आणि ब्रॅकेटचे नट पुरते बसत नाहीत.

आणि पाचही एकाच मापाचे. या गाडीच्या ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढच्या-मागच्या धुऱ्यांना वाटणाऱ्या पेटीत) मधलं डिफरन्शियल नाही. पुढे ६.०० आणि मागे ७.०० लावून फोर व्हील टाकलं की दोन्ही धुरे एकमेकांविरुद्ध पिळत राहतात : लिव्हर अडकतो, शाफ्टचे क्रॉस तुटतात, ट्रान्सफर केस गरम होते. अर्धे झिजलेले आणि नवे मिसळले तरी थोडं हेच होतं. खडूची खूण करून प्रत्येक चाक एक फेरा ढकला आणि जमिनीवरचं अंतर मोजा. फरक सेंटिमीटरच्या आत ठेवा.

भोरचा_सीजे

टायर उतरवून मोजलं, आतून ११४ मिमी. म्हणजे साडेचारच. २३५ अरुंद रिमवर नेमका का नको? इथे एकदोन जीपवर चढवलेला दिसतो.

रबर_आणि_रिम

चढतो, हीच अडचण आहे. २३५/७० ला रिम ६ ते ८ इंच हवी. साडेचारवर दोन्ही बीड एकमेकींकडे ओढल्या जातात, भिंती फुग्यासारख्या बाहेर येतात आणि जमिनीला टेकणारा भाग गोलसर होतो. सरळ रस्त्यावर फक्त मधला पट्टा चालतो, तोच झिजतो, कडा कोऱ्या राहतात. वळणावर भिंत लोळते, गाडी स्टिअरिंगच्या मागून उशिरा येते. हवा कमी असली तर बीड कडेवरून सरकू शकते. टायरची आतली बाजू पाट्याला घासते म्हणून लोक मग हब आणि रिमच्या मधे स्पेसर घालतात, चाक बाहेर जातं, बेअरिंगवर आणि किंगपिनवर (चाक जिच्याभोवती वळतं ती पिन) ताण येतो आणि पॉवर नसलेलं स्टिअरिंग दगडासारखं जड होतं.

रेडियलच हवा असेल तर २०५ आर१६ बघा. उंची ६.००-१६ च्या जवळ आणि जुन्या लँड रोव्हरच्या पाच-साडेपाच इंची रिमवर चालणारा. तुमच्या साडेचारवर मी तोही देणार नाही. त्यासाठी रिम बदला, ५.५ इंचाच्या पीसीडीच्या (नटांच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) रिम जुन्या बाजारात मिळतात. फक्त पीसीडी जुळला म्हणजे झालं असं नाही : मधलं भोक हबवर बसतं का आणि ऑफसेट (हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती सरकलेली) किती, हे दोन्ही तपासा.

लाल_मुरूम

रुंदीचा हट्ट सोडा असंच मीही म्हणेन. आपल्याकडच्या मुरमाच्या रस्त्यावर वर चार बोटं राडा आणि खाली टणक थर असतो. अरुंद टायर राडा कापून खाली टेकतो, रुंद टायर वरच तरंगत घसरतो. उलटा प्रकार काळ्या मातीत आणि भाताच्या खाचरात : तिथे खाली तळच नसतो, अरुंद टायर धुऱ्यापर्यंत जातो. वाळूतही तसंच. तुमचा वापर पहिल्या प्रकारचा आहे.

नक्षीबद्दल : लष्करी एनडीटी (जुन्या लष्करी जीपची जाड ठोकळ्यांची नक्षी) जीपवर शोभून दिसते, पण ओल्या डांबरावर वाईट. जाड ठोकळे, मधे बारीक चिरा नाहीत, पहिल्या पावसानंतरच्या घाटात ब्रेक मारताना जीव वर येतो. प्रदर्शनात उभी करायची असेल तर एनडीटी, चालवायची असेल तर साधी मिश्र नक्षी.

भोरचा_सीजे

सगळं वाचून ६.००-१६, ६पीआर, मिश्र नक्षी असं ठरवतोय. ब्रेक आणि वळायची जागा, या दोन कारणांनी. ट्यूब, हवा आणि त्या दोन तुकड्यांच्या रिमबद्दल सांगा.

पाटेकमान

घेताना बाजूचा चार आकडी कोड वाचा : पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. हे माप फार खपत नाही, त्यामुळे दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला 'नवा' टायर गळ्यात पडू शकतो.

टायरवर ट्यूबलेस लिहिलं असलं तरी या रिमवर ट्यूब लागणारच. बीड धरून ठेवणारा उंचवटा या जुन्या रिमला नसतो. ट्यूब ६.००-१६ चीच घ्या. मोठी ट्यूब आत घडी पडून फाटते. जीपच्या रिमचं व्हॉल्व्हचं भोक १६ मिमीचं असेल तर टीआर१५ व्हॉल्व्ह. कारच्या ट्यूबला टीआर१३ असतो, तो ११.५ मिमीच्या भोकाचा. मोठ्या भोकात तो बुशशिवाय घातला की हलत राहतो आणि बुडाशी चिरतो.

बसवताना : रिम तारेच्या ब्रशने स्वच्छ, बीडच्या जागेवर गंजाची खपली नको, रंगाचा थर पातळ. वेल्डिंगचे खडे बोट फिरवून शोधा. टायरच्या आत टाल्क पावडर. ट्यूबमध्ये जेमतेम आकार येईल एवढी हवा भरून आत ठेवा. बीडला साबणपाणी लावा, ग्रीस नको, त्याने टायर रिमवर फिरतो. हवा भरून बीड बसवा, ४० पीएसआयच्या वर जाऊ नका. नाहीच बसली तर सोडून पुन्हा साबण लावा. मग व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा आणि पुन्हा भरा, म्हणजे ट्यूबच्या घड्या सुटतात. पंक्चरवाला ही पायरी गाळतो, मागे लागून करून घ्या.

हवा पुढे २६ पीएसआय, मागे २८, सामान आणि माणसं भरली तर मागे ३०. चिखलात २० पर्यंत उतरवा, त्याखाली ट्यूबच्या गाडीत नाही. टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह मुळातून उपटला जातो. टायर आणि रिम दोन्हींवर मिळून एक खडूची रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की टायर सरकला समजा.

दोन तुकड्यांची रिम : त्याचे दोन प्रकारचे नट असतात. एक चाक हबला धरणारे, दुसरे रिमचे तुकडे एकमेकांना धरणारे. टायरमध्ये हवा असताना दुसरे सोडले तर रिमचा तुकडा तोफेसारखा उडतो. व्हॉल्व्हची पिन पूर्ण काढून, तार घालून हवा गेल्याची खात्री करून मगच पाना लावायचा. जोडाच्या फटीत ट्यूब चिमटू नये म्हणून फ्लॅप (ट्यूब आणि रिमच्या मधली रबरी पट्टी) हवाच. आणि ही रिम अनोळखी पंक्चरवाल्याच्या हाती देऊ नका. खरं तर स्टेपनीसाठी साधी पाचवी रिम मिळवलीत तर उत्तम.

भोरचा_सीजे

फ्लॅपसकट घेतो, साधी रिमही शोधतो. डावीकडच्या एका चाकाचे नट पान्याने हलत नाहीयेत. गंजलेत का?

गिअरदात

जोर लावण्याआधी स्टडचं टोक बघा, 'एल' कोरलेलं आहे का. विलीजच्या जीपला (महिंद्राची सीजे३बी मूळ त्यांचीच) डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या दिशेने सुटतात. एअर गनवाले हे न बघता सोडायला जातात आणि स्टड मोडून हातात देतात. पण नुसत्या बाजूवर विश्वास ठेवू नका. इतक्या वर्षांत कुणीतरी हब बदललेला असेल तर डावीकडेही सरळ आटे निघतील, एकाच चाकात दोन्ही मिसळलेले पण दिसतात. म्हणून प्रत्येक स्टड बघा.

बसवताना आट्यांना तेल नको, नट एक सोडून एक आळीपाळीने, ९० न्यूटन मीटरच्या आसपास. नवीन रंग दिलेल्या रिमवर रंग दबून नट सैल होतात, तेव्हा ५०-६० किमी चालल्यावर पुन्हा आवळा.