जाहीर नोटिशींचे काय?

वृत्तपत्राचा गठ्ठा एसटीने गावात पोहोचेपर्यंत तीच बातमी मोबाईलवर अर्ध्या मिनिटात पाहून झालेली असते, त्यामुळे छापील अंक बंद झाल्याने कोणाचे अडत नाही, हे मत अपघात, दरड, वादळ यांच्या बातम्यांपुरते मान्य आहे. मात्र कोकणात, जिथे एका सातबाऱ्यावर वीस-वीस नावे आणि त्यांतील निम्मी माणसे मुंबईत, तिथे अंकाच्या आतल्या पानावरील बारीक टाइपातली जाहीर नोटीस हीच अनेकदा महत्त्वाची बातमी असते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचना राजपत्राबरोबरच त्या भागातील दोन दैनिकांत, त्यांपैकी एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात, प्रसिद्ध करावी लागते आणि तेव्हापासून हरकतीसाठी ६० दिवस मिळतात. कायद्यात संकेतस्थळाचीही तरतूद आहे, पण ते रोज उघडून पाहणारा सामाईक खातेदार निदान माझ्या पाहण्यात नाही. आमच्या राजापूरकडच्या घरी गट नंबर, हिस्सा आणि क्षेत्र छापलेले असे एक कात्रण फेरफाराच्या कागदांसोबत जपलेले आहे. भूसंपादनाविरुद्धच्या मोर्चाचे चित्रण व्हिडिओत भरपूर दिसते, परंतु कोणाचा कोणता गट जाणार, हे त्यात क्वचितच सांगितलेले असते.