मदत हवी आहे : रोज धावणाऱ्याला कारवान जातीचा कुत्रा मानवेल का?
नमस्कार. मी पुण्यात राहतो, रोज पहाटे आठ किलोमीटर धावतो आणि रविवारी सिंहगड चढतो. त्यासाठी दमदार सोबती हवा आहे. शेजारचा दाट केसांचा हस्की एप्रिलभर न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर धापा टाकत पडलेला पाहिल्यापासून हस्की पाळण्याचा विचार मी सोडला. मन ओढ घेते ते दख्खनच्या मातीतल्या, आखूड केसांच्या आणि खोल छातीच्या कारवानकडे. परंतु ससा किंवा मांजर दिसताच सुसाट सुटणे हे या शिकारी जातीच्या रक्तातच असल्याने, गडवाटेवर त्याला पट्ट्याशिवाय सोडता येईल का आणि दिवसभर सदनिकेत तो शांत राहील का, हे अनुभवी पालकांनी कृपया सांगावे. पिल्लाची हाडे पक्की होईपर्यंत त्याला धावायला न नेता थांबायची माझी तयारी आहे. की त्यापेक्षा वयात आलेला गावठी कुत्रा दत्तक घ्यावा?