कूटमध्ये मेलेल्यांपुढे मान झुकवली म्हणजे ते युद्ध बरोबर ठरतं का?

घोरपडीकर

१६ डिसेंबर, म्हणजे १९७१ च्या युद्धाचा विजय दिवस, जवळ आला की आमच्या सोसायटीत एक वाद ठरलेला. घोरपडीच्या युद्धस्मारकावर पुष्पचक्र वाहायला जायचं, इथवर एकमत. मग कोणी चुकून एखाद्या युद्धाबद्दल म्हणतो की हे व्हायलाच नको होतं. लगेच समोरून येतं, "म्हणजे आपले जवान फुकट मेले का?" संपलं बोलणं. हा प्रश्न उत्तरासाठी नसतोच, समोरच्याला गप्प करण्यासाठी असतो.

म्हणून आपल्या गावाचंच नाव असलेलं उदाहरण घेतो. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी सहावी पुणे डिव्हिजन इराकमध्ये उतरवली. आधी म्हणे इराणातलं तेल राखायचं होतं, मग बगदादची हाव सुटली. डिसेंबर १९१५ मध्ये ही फौज कूट गावात कोंडली गेली आणि १४७ दिवस तिथेच अडकून पडली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी आत होत्या. धान्य संपत आलं तसे घोडे कापायला सुरुवात झाली. बरेच हिंदी शिपाई ते मांस खायला तयार होईनात, ते आधी खंगले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. सुमारे १३,००० कैदी, त्यातल्या बहुतेकांना वाळवंटातून चालवत नेलं. हजारो परतलेच नाहीत. सेनापती टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला आणि कैदेत असतानाच 'सर' झाला.

त्या शिपायांबद्दल मला आदर आहे. आणि ते युद्ध परक्या साम्राज्याचं होतं, त्यात आपला काडीचा संबंध नव्हता. ही दोन्ही वाक्यं मला एका दमात म्हणायची आहेत. कुणाची हरकत?

सुभेदार_निवृत्त

हरकत आहे. शिपाई खंदकात बसून युद्ध न्याय्य की अन्याय्य याचा हिशेब करत नाही. शेजारचा जगला पाहिजे आणि पलटणीचं नाव खाली जाता कामा नये, एवढंच डोक्यात असतं. त्याच्या दिवशी तरी दोन मिनिटं गप्प उभं राहा. बरोबर-चूक विचारायला उरलेले ३६४ दिवस आहेतच की. पण तेव्हा तुम्ही विचारत नाही. तेव्हा तुम्ही पार्किंगवरून भांडता. नेमकं आमच्या दिवशीच तुमचं तत्त्वज्ञान जागं होतं.

दुपारी_एक_ते_चार

पार्किंगचं अगदी खरं.

कसबेकर

गप्प उभं राहायचं, पण कोणासाठी? पानिपतानंतर पुण्याला आलेल्या त्या प्रसिद्ध निरोपात दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असं म्हणतात. मोत्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. खुर्दा म्हणजे पोटासाठी, वतनासाठी, सरदाराच्या शब्दाखातर गेलेली माणसं. त्यांची यादी कोणी ठेवली?

आणि हे फक्त १७६१ चं नाही. घोरपडीकरांचे कूटवाले बघा. इराकच्या मोहिमेत मेलेल्यांसाठी इंग्रजांनी बसऱ्याला स्मारक उभारलं. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा. कॉमनवेल्थच्या युद्धकबर आयोगाने याबद्दल माफी मागितली ती थेट २०२१ मध्ये. तोच आयोग आपल्या खडकीची दफनभूमी सांभाळतो. तिथे दुसऱ्या महायुद्धातले दगड सगळे एकाच उंचीचे, मेजरचा दगड शिपायाहून बोटभरही उंच नाही. म्हणजे समानता ठाऊक होती, सोयीने वापरली. सुभेदार साहेब, राग मानू नका, पण स्मरण हा पहिल्यापासून राजकीय मामला आहे. तुम्ही दोन मिनिटं गप्प राहिलात तरी तो तसाच राहणार.

मुळामुठा

कूट हे सोपं उदाहरण आहे हो. परक्यांचं राज्य, परक्यांचं युद्ध, त्याला नावं ठेवायला काय लागतं? धाग्याच्या शीर्षकात १९७१ घालून दाखवा.

पूर्व पाकिस्तानात कत्तल चालू होती, सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून आपल्याकडे आली होती. तेव्हा "युद्ध वाईट" असं म्हणत बसायचं होतं का? सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, जन्म पुण्याचा, रेजिमेंट पूना हॉर्स. १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई. रणगाडा पेटलाय, बाहेर पड असा हुकूम आला. तोफ अजून चालतेय, रणगाडा सोडणार नाही, असं कळवून हा पोरगा आतच राहिला. वय २१. एनडीएचं परेड ग्राउंड त्याच्या नावाचं आहे. त्याच्या मरणाला मी "आदर आहे, पण" असं म्हणणार नाही. काही युद्धं करावीच लागतात, आणि तसं स्वच्छ म्हणायची लाज वाटू नये.

घोरपडीकर

१९७१ बद्दल माझा वाद नाही. ते युद्ध मलाही योग्य वाटतं. पण का वाटतं ते बघा. निर्वासितांमुळे, तिथल्या कत्तलीमुळे, आणि नंतर आपण ९३,००० कैदी परत पाठवले यामुळेसुद्धा. आपले इतके जवान पडले *म्हणून* ते योग्य ठरत नाही. मेलेल्यांच्या संख्येवरून युद्ध खरं ठरवायचं तर कूट सगळ्यात न्याय्य ठरेल.

आणि खेत्रपालांचा विषय निघालाच आहे तर, त्यांचे वडील ब्रिगेडियर होते. २००१ मध्ये ते पाकिस्तानात गेले, एका तिथल्याच ब्रिगेडियरच्या घरी उतरले. तुमचा मुलगा माझ्याच हातून पडला, हे त्या यजमानाने त्यांना तिथे सांगितलं. मुलाची आठवण ठेवायला त्या बापाला शत्रूचा द्वेष लागला नाही.

मुळामुठा

वडिलांचा मोठेपणा तुमच्या बाजूच्या खात्यात टाकू नका. ते स्वतः सैनिक होते, एका सैनिकाने दुसऱ्या सैनिकाला दिलेला तो मान होता. त्यावरून युद्धाचा निकाल लागत नाही, हे तुमचंच म्हणणं ना?

घोरपडीकर

हो, ते मान्य.

भीमाकाठ

पुण्याचा धागा आहे आणि अजून कोरेगावचं नाव नाही, नवल वाटलं. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तो स्तंभ स्वतःच्या फत्तेसाठी उभा केला. त्यावर पडलेल्यांत २२ महार शिपायांची नावं आहेत. कसबेकर, तुमच्या भाषेत इथे खुर्द्याची नावं राहिली, तीही परक्याच्या दगडावर. १९२७ मध्ये बाबासाहेब तिथे गेले ते काय कंपनीचा जयजयकार करायला? आज लाखो लोक येतात, त्यातल्या एकालाही इंग्रजांचं राज्य परत नकोय. माणूस म्हणून मान नाकारलेल्यांनी हत्यार हातात आल्यावर काय करून दाखवलं, ते बघायला येतात. दगड कोणी बसवला याने अर्थ ठरत नाही, तिथे कोण येतं याने ठरतो.

दुपारी_एक_ते_चार

आता धागा दोनशेवर जाणार, मी चहा ठेवतो. तेवढ्यात एक: १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत लोकमान्य सैन्यभरतीची सांगड स्वराज्याशी घालू लागले. गव्हर्नर विलिंग्डनने मध्येच अडवलं, ते उठून निघून गेले. माणसं देतो, पण हक्क द्या, असा तो सौदा होता. माणसं घेतली. हक्काच्या नावाने १९१९ मध्ये रौलट कायदा आणि जालियनवाला.

रेंजहिल्सवाली

सगळे मेलेल्यांबद्दलच बोलताय. खडकीतच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ पासून. मणक्याला इजा झालेले, कमरेखाली किंवा मानेखाली हलू न शकणारे जवान तिथे राहतात. काहींना हात चालत नाहीत, ते दातात ब्रश धरून चित्रं काढतात. सोसायटीतून पुष्पचक्राला वर्गणी लगेच निघते. तिथे चला म्हटलं की "बघू, रविवारी जमतंय का". मेलेला माणूस काही मागत नाही, म्हणून तो आपल्याला आवडतो. युद्ध करावं की नाही यावर ज्याला मत द्यायचं असेल त्याने आधी तिथे एक दुपार बसावं, मग खुशाल कुठल्याही बाजूने बोलावं.

सुभेदार_निवृत्त

ताई, हे मात्र लाखातलं बोललात.

घोरपडीकर, तुमचं दोन वाक्यांचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही. दुसरं वाक्य तुम्ही स्मारकाच्या आवारात म्हणालात तर मी तिथेच अडवीन. आवाराबाहेर चहाच्या टपरीवर म्हणा, मीही येतो, टाउनशेंडला दोन शिव्या माझ्याकडूनही. आणि १६ तारखेला कूटवाल्यांचं नाव घेणार असाल तर नुसतं "पुणे डिव्हिजन" म्हणू नका, तिन्ही पलटणींचे नंबर घ्या. भाषण पाच मिनिटांच्या वर गेलं तर माईक मी काढून घेईन.