शुभवर्तमानातली 'खंडणी' आणि बँकेतले 'तारण'

प्रश्न

नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरच्या एका चर्चमध्ये मैत्रिणीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला गेले असता, मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव 'खंडणी' म्हणून अर्पण करण्यास आला, असे मार्कच्या शुभवर्तमानातले वचन ऐकले आणि दचकले, कारण हा शब्द मी केवळ गुन्हेवार्तांत वाचलेला आहे. दुसरी शंका अशी की, रामकुंडावर अस्थी घेऊन येणारे लोक ज्याला 'मोक्ष' म्हणतात तेच ख्रिस्ती मराठीत 'मुक्ती', 'तारण', 'बंधमुक्त' या शब्दांनी सांगितले जाते का?

उत्तर १

आधी खंडणीविषयी. मूळ ग्रीकमध्ये 'लुत्रोन' हा शब्द आहे. युद्धकैद्याला किंवा गुलामाला सोडवण्यासाठी मोजावी लागणारी किंमत, हा त्याचा व्यवहारातला अर्थ. जुन्या मराठीत खंडणी म्हणजे मांडलिकाने भरायची किंवा लूट टळावी म्हणून गावाने द्यायची ठरलेली रक्कम, आणि शेत 'खंडाने' देतो त्यातही ठरवून टाकलेल्या रकमेचाच भाव आहे. शब्दाला गुन्ह्याचा वास नंतर चिकटला. मात्र खंडणी म्हटली की ती घेणारा कोण, हा प्रश्न येतोच, आणि तो ख्रिस्ती विचारवंतांनाही सुटला नव्हता: तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनने ती सैतानाला दिली गेली असे सुचवले, तर अकराव्या शतकाच्या अखेरीस आन्सेल्मने ते साफ नाकारून देणे देवालाच द्यायचे होते असे मांडले. म्हणजे शब्द खटकणारा असला तरी निरुपयोगी नाही.

तारणाची गंमत याहून मोठी आहे. पतपेढीच्या दारावर 'सोनेतारण कर्ज' वाचणाऱ्याला तारण म्हणजे गहाण. प्रार्थनेतले तारण मात्र 'तारणे' या क्रियापदातले, बुडणाऱ्याला पैलतीरी नेण्याचे, आपल्या संतांच्या भवसागराशी जवळीक असलेले.

मोक्षाशी मात्र गल्लत करू नये. मोक्षात सुटायचे असते ते जन्ममरणाच्या फेऱ्यातून. इथे बंधन जन्माचे नसून पापाचे आहे. 'हामार्तिया' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ नेम चुकणे असा असला, तरी योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात आणि येशूचा प्रेषित पौल याच्या पत्रांत पाप ही नुसती चूक राहत नाही, ते मालक होते: जो पाप करतो तो पापाचा दास. म्हणूनच तिथे 'सत्य तुम्हांला बंधमुक्त करील' हा शब्द चपखल बसतो. आपल्या 'स्वातंत्र्या'त स्वतःचे तंत्र चालवणे आहे. पौल तसे म्हणत नाही. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तो पापापासून सुटलेल्याला नीतिमत्त्वाचा दास म्हणतो, म्हणजे जू उतरले तरी बैल बेवारस झाला नाही, धनी बदलला. ही उपमा माझी आहे आणि ती पुरती बसत नाही, कारण बैलाला संमती विचारली जात नाही.

दास हा शब्द नाशिककरांना पुस्तकी वाटू नये. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रातल्या गुलाम वाहणाऱ्या गलबतांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले याच शरणपूरच्या मिशन वसाहतीत ठेवली जात, तिथे त्यांना सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई, आणि पुढे त्यांच्यातले बरेच जण मोंबासाजवळ 1875 साली मुक्त गुलामांसाठी वसवलेल्या फ्रियरटाउनला गेले. त्या मुलांपुढे 'बंधमुक्त' वाचताना अर्थ सांगायची गरज पडली नसावी.

उत्तर २

वरील विवेचनाशी सहमत आहे, पण 'खंडणी'ची पाठराखण मला पटत नाही. रविवारच्या वर्गात मुलांना हे वचन शिकवताना पहिली दहा मिनिटे गुन्हेगारी बाजूला सारण्यात जातात. करिंथकरांस पहिल्या पत्रात 'मोलाने विकत घेतलेले' असा सोपा प्रयोग आहेच. 'मुक्तीचे मोल' म्हटले तर काय बिघडेल?

उत्तर १ कडून

मोल कशाचेही देता येते, भाजीचेसुद्धा. अडकलेल्याला सोडवण्याचा भाव त्यात आपोआप येत नाही. मुलांना शब्दाऐवजी क्रियापद दाखवून पाहावे. वर्तमानपत्रात खंडणी मागतात, उकळतात. इफिसकरांस पत्रात मात्र 'खंडणी भरून मिळवलेली मुक्ती' आहे. तिथे ती भरणारा समोर उभा आहे.