तारापूर एवढं जवळ असून आमच्याकडे लाईट का जाते?

किनाऱ्यावरची
नमस्कार. मी पालघर तालुक्यात राहते. गच्चीवर गेलं की तारापूरहून निघालेले मोठे टॉवर रांगेनं पूर्वेकडे जाताना दिसतात. तरी गेल्या पावसाळ्यात एकदा सलग २६ तास लाईट नव्हती. सासरे विचारतात, १९६९ पासून वीज इथे तयार होते, मग आधी इथे का नाही? दुसरं म्हणजे, वादळात लाईन ट्रिप झाली की अणुभट्टी दीड-दोन दिवस सुरूच होत नाही असं ऐकलं. खरं आहे का?

डीपीखालचा
टॉवरवरची लाईन २२० किंवा ४०० केव्हीची, म्हणजे फार उच्च दाबाची. तिच्यातून गावाला थेट जोडणी देता येत नाही. तुमच्या घरी येते ती ११ केव्ही फीडरवरून (गावाकडे येणारी कमी दाबाची लाईन), डीपीतून (गावातला ट्रान्सफॉर्मर). झाड पडलं, डीओ (खांबावरचा फ्यूज) उडाला, जंप (तारा जोडणारा तुकडा) तुटला की संपलं. तेव्हा तारापूर पूर्ण भारानं चालू असलं तरी तुमच्याकडे अंधारच.

निवृत्त शिफ्टवाला
ताई, मी ३१ वर्षं भार प्रेषण केंद्रात (लोड डिस्पॅच, आम्ही ‘एलडी’ म्हणतो; ग्रिडमधली वीज इथून सांभाळतात) शिफ्ट केल्या. सासऱ्यांचा प्रश्न मला पटतो, कारण ज्या गावांनी जमीन दिली त्यांना तो विचारायचा हक्क आहे. पण तारापूरची वीज आधी ग्रिडमध्ये, म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या लाईनींच्या जाळ्यात पडते आणि तिचा वाटा कागदावर ठरतो. १६०-१६० मेगावॅटची पहिली दोन युनिटं महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात वाटलेली. (ती २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवली होती.) ५४०-५४० मेगावॅटचं ३ आणि ४ नंबर २००५-०६ मध्ये आलं. त्यात मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोवा यांचाही वाटा आहे. गावाचा असा वेगळा वाटा नसतो.

आता भट्टीचं. तुम्ही ऐकलंत ते खरं आहे.

बाहेर जाणाऱ्या सगळ्या लाईनी एकदम गेल्या तर तयार होणारी वीज घ्यायला कुणी उरत नाही. टर्बाइन ट्रिप होतं, बहुतेक वेळा मागोमाग भट्टीही. युरेनियमच्या विखंडनातून आयोडीन-१३५ तयार होतं आणि त्याचं झेनॉन-१३५ बनतं. हे झेनॉन न्यूट्रॉन गिळतं. भट्टी चालू असते तोवर न्यूट्रॉनच त्याला संपवत राहतात. भट्टी बंद पडली की संपवणारं कुणी नाही, पण साठलेल्या आयोडीनमधून झेनॉन बनतच राहतं. तारापूरचं ३ आणि ४ नैसर्गिक युरेनियमवर, जड पाण्यावर चालतं. तिथे झेनॉनवर मात करायला जादा जोर फारसा राखीव नसतो. म्हणून अर्ध्या तासाच्या आसपास भट्टी पुन्हा उचलता आली तर ठीक. नाही जमलं तर ‘पॉइझन आउट’. मग झेनॉन आपोआप ओसरेपर्यंत साधारण दीड दिवस थांबायचं, त्याला दुसरा इलाज नाही.

एलडीत तो अर्धा तास फार जड जायचा. एका हातात फोन, पलीकडे तारापूरचा कंट्रोल रूम, त्यांचा एकच प्रश्न: “लाईन कधी चार्ज करताय?” (म्हणजे तिच्यात पुन्हा वीज कधी सोडताय.) पाऊस कोसळतोय, दोष नेमका कुठल्या टप्प्यात आहे ते कळत नाही, आणि घाईनं चार्ज केली तर पुन्हा ट्रिप. ५४० मेगावॅटचं युनिट एक दिवस बंद म्हणजे जवळपास १ कोटी ३० लाख युनिट वीज गेली. तेवढ्यात कोयना उचलायची. जलविद्युत काही मिनिटांत भार घेते, अणुभट्टीला ते जमत नाही.

किनाऱ्यावरची
आणि ग्रिडच अंधारात गेलं, तर भट्टी थंड कशानं ठेवतात?

निवृत्त शिफ्टवाला
हे विचारलंत ते फार बरं केलंत. भट्टी बंद केल्याच्या क्षणीही मूळ उष्णतेच्या ६-७ टक्के उष्णता निघत असते. ५४० मेगावॅटच्या युनिटला ती १०० मेगावॅटच्या घरात जाते. दिवसाभरात एक टक्क्याच्या खाली येते, पण तोवर पंप चालायलाच हवेत. त्यासाठी केंद्रात डिझेल जनरेटर आणि बॅटऱ्या असतात. शिवाय ग्रिड पडलं तर अणुकेंद्राला बाहेरून वीज पोचवणं हे एलडीचं पहिल्या काही कामांतलं एक. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारत अंधारात गेला तेव्हा पश्चिम ग्रिड वाचलं. आपण तिकडे वीज पाठवत होतो, ती एकदम तुटली आणि आपली फ्रिक्वेन्सी उलट वर चढली. त्या दोन दिवसांत मी पडद्यावरून नजर हलवली नाही.

तुमच्या २६ तासांचं मात्र डीपीखालचा म्हणतात तेच. पुढच्या वेळी वेळ लिहून ठेवा, आणि शेजारच्या पाड्यावर लाईट होती का ते विचारा.

किनाऱ्यावरची
विचारलं. पाड्यावर होती, त्यांचा फीडर वेगळा आहे. आमच्या फीडरवर ओढ्याकाठी सुरूची तीन झाडं थेट तारांवर झुकलेली आहेत. सासऱ्यांनी आजच फोटो काढून अर्ज लिहिला, फीडरचं नाव आणि खांबाचा नंबर घालून. ते म्हणाले, झेनॉनचं पुन्हा एकदा सावकाश वाचून दाखव.